एकावर पस्तीस शून्यं: सोल–गोल्डनी प्रयोगाचं प्रकरण

अतींद्रिय शक्तींच्या संशोधनाचा इतिहास सांगायला बसलं की लोक टेबलं हलवणाऱ्या माध्यमांपासून आणि अंधाऱ्या खोल्यांतल्या प्रेतात्म्यांपासून सुरुवात करतात. मला तो भाग फारसा महत्त्वाचा वाटत नाही. त्यातल्या बऱ्याच मंडळींची हातचलाखी त्यांच्या हयातीतच उघडकीला आली होती. खरा पेच पडला तो या क्षेत्रात संख्याशास्त्र शिरल्यावर, आणि तो समजून घ्यायला लंडनचे गणितज्ञ सॅम्युअल जॉर्ज सोल यांचं प्रकरण फार उपयोगी आहे. ते उलगडायला तीन तपांहून अधिक काळ गेला, आणि उलगडा शेवटी ज्यांनी केला त्या सोल यांना निर्दोष ठरवायला निघाल्या होत्या.

थोडी पार्श्वभूमी. १८८२ साली लंडनमध्ये ‘सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च’ स्थापन झाली. केंब्रिजचे तत्त्वज्ञ हेन्री सिज्विक तिचे पहिले अध्यक्ष. भुतंखेतं, संमोहन, परचित्तज्ञान या सगळ्याची पद्धतशीर तपासणी करायची, हा तिचा हेतू. पुढे अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात जोसेफ ऱ्हाइन यांनी या कामाला पत्त्यांच्या जोडाचं रूप दिलं. वर्तुळ, चौकोन, तारा, अधिकचं चिन्ह आणि लाटा अशी पाच चिन्हं, प्रत्येकाची पाच पानं, एकूण पंचवीस. डोळे मिटून अंदाज ठोकले तरी सरासरी पाच बरोबर येणारच. सातत्याने सहा-सात येऊ लागले तर काहीतरी आहे. १९३४ साली ऱ्हाइन यांचं पुस्तक आलं आणि घरोघरी लोक पत्ते ओळखत बसले.

सोल लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात गणित शिकवत. ऱ्हाइन यांच्या निष्कर्षांवर ते चांगलेच तिरकस बोलत. पण नुसतं बोलून थांबले नाहीत. पाच वर्षं खपून त्यांनी १६० माणसांची परीक्षा घेतली आणि १,२८,३५० अंदाज गोळा केले. हाती आलं शून्य. नशिबाने जेवढे बरोबर यायला हवेत तेवढेच आले. त्यामुळे १९३९ च्या सुमाराला सोल यांची ख्याती होती ती एक कडक, खडूस, सहजी न फसणारा संशयवादी अशी. पुढच्या सगळ्या प्रकरणात ही ख्याती त्यांच्या फार कामी आली.

त्याच साली व्हॉटली कॅरिंग्टन या संशोधकाने त्यांच्यामागे लकडा लावला. कॅरिंग्टन चित्रं ओळखण्याचे प्रयोग करत होते. त्यांच्या मते काही माणसांचा नेम चुकत नाही, फक्त एक घर पुढे किंवा मागे लागतो. सोल यांनी कुरकुरत जुने तक्ते पुन्हा काढले. समोरच्या पानाऐवजी त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या पानाशी अंदाज ताडून पाहिले, आणि १६० पैकी दोन माणसं वेगळी निघाली: बेसिल शॅकल्टन आणि ग्लोरिया स्टुअर्ट.

इथे एक गोष्ट सांगून पुढे जातो. सव्वा लाखाहून जास्त आकड्यांत, १६० माणसांमध्ये, मागे-पुढे सरकवून शोधत राहिलं तर काही ना काही सापडतंच. नमुना मागाहून शोधलेला असला की त्याला पुरावा म्हणता येत नाही; तो फार तर पुढच्या प्रयोगाचं निमित्त. सोल यांना हे पक्कं ठाऊक होतं आणि ते तसं बोललेही. या दोघांवर नव्याने प्रयोग करायचे, त्यांनी ठरवलं. इथपर्यंत त्यांचं वागणं कोणत्याही पाठ्यपुस्तकात द्यावं असं आहे.

स्टुडिओतली व्यवस्था

शॅकल्टन लंडनमधले व्यावसायिक छायाचित्रकार. जानेवारी १९४१ पासून १९४३ पर्यंत, म्हणजे ऐन महायुद्धात, त्यांच्याच स्टुडिओत चाळीस बैठका झाल्या. सोल यांच्या जोडीला सोसायटीच्या कॅथलीन गोल्डनी होत्या. शिवाय बाहेरचे साक्षीदार बोलावले जात. त्यांत प्राध्यापक होते, एक खासदारही होते.

दोन लगतच्या खोल्या. एकीत शॅकल्टन आणि त्यांच्यावर नजर ठेवणारा निरीक्षक. दुसरीत टेबलावर उभा पडदा, पडद्याला छोटी चौकोनी खिडकी. पडद्याच्या अलीकडे प्रयोगकर्ता, पलीकडे ‘पाठवणारी’ व्यक्ती. तिच्यापुढे एका खोक्यात पाच चित्रं पालथी घातलेली: हत्ती, जिराफ, सिंह, पेलिकन आणि झेब्रा. त्यांचा क्रम प्रयोगकर्त्याला माहीत नसे. प्रयोगकर्त्यासमोर १ ते ५ या आकड्यांची यदृच्छ यादी. यादीत ३ आला की तो खिडकीत ३ दाखवणार, पाठवणारी व्यक्ती तिसरं चित्र उचलून पाहणार, आणि प्रयोगकर्ता मोठ्याने फक्त खेपेचा क्रमांक पुकारणार. तो ऐकून शॅकल्टन आपल्या कागदावर सुचलेल्या प्राण्याचं आद्याक्षर लिहिणार. पन्नास खेपा झाल्या की चित्रं उलटून त्यांचा क्रम नोंदवायचा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून पडताळायचे. बैठक संपली की नोंदींची नक्कल टपालाने केंब्रिजचे तत्त्वज्ञ सी. डी. ब्रॉड यांच्याकडे रवाना.

यदृच्छ याद्या सोल स्वतः आधी तयार करून आणत. शाळेत आपण वापरत होतो तसल्याच, पण सात अंकी लॉग टेबलांतून ठरावीक अंतराने शेवटचे अंक उचलायचे, असं त्यांनी सांगितलं होतं. काही बैठकांत यादीऐवजी रंगीत सोंगट्या न पाहता काढल्या जात.

आता या मांडणीकडे कुलपं मोजायच्या नजरेने बघा. शॅकल्टन चोरून बघू शकत नाहीत. पाठवणारी व्यक्ती खाणाखुणा करू शकत नाही. बाहेरच्या साक्षीदाराला बोट ठेवायला जागा नाही. पण यादी कोणी बनवली? सोल यांनी. ती कशी बनवली याला साक्षीदार कोण? कोणी नाही. आणि ब्रॉड यांच्याकडे जाणारी नक्कल पडताळणी झाल्यानंतर निघायची. एवढी एकच फट होती, आणि ती त्या वेळी कोणाला दिसली नाही, कारण संशय घ्यायचा तो मनकवड्यावर, असं सगळ्यांच्या मनात घट्ट बसलं होतं.

निकाल थक्क करणारे होते. यादीवरून घेतलेल्या ३,७८९ अंदाजांपैकी १,१०१ अंदाज एक घर पुढच्या चित्राशी जुळले. नशिबाने शंभरात वीस यावेत, तिथे एकोणतीस. हे निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता एकावर पस्तीस शून्यं दिली की जी संख्या होते, तितक्यांत एकाहूनही कमी. त्यातला विशेष म्हणजे खेपांचा वेग दुप्पट केला की नेम एकाऐवजी दोन घरं पुढे लागायचा, जणू शॅकल्टन दोन-अडीच सेकंद पुढचं बघत होते. ब्रॉड यांच्यासारखा काटेकोर तत्त्वज्ञ या तपशिलावर भाळला आणि भविष्यज्ञानाच्या शक्यतेवर त्याने गंभीरपणे लिहिलं.

मान, आणि एक दडवलेली तक्रार

अहवाल १९४३ मध्ये सोसायटीच्या कार्यवृत्तात छापला गेला. पुढे ग्लोरिया स्टुअर्ट यांच्यावर १९४५ ते १९४९ या काळात आणखी मोठी मालिका झाली: ३७,१०० अंदाज, त्यांतले ९,४१० बरोबर, अपेक्षा ७,४२० ची. या कामासाठी लंडन विद्यापीठाने सोल यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी दिली. ते सोसायटीचे अध्यक्षही झाले. यंत्रं विचार करू शकतात का, या अॅलन ट्यूरिंग यांच्या १९५० च्या गाजलेल्या निबंधात टेलिपथीचा आक्षेप स्वतंत्र क्रमांक देऊन घेतला आहे, आणि तिच्या बाजूचा संख्याशास्त्रीय पुरावा, दुर्दैवाने, जबरदस्त असल्याची कबुलीही तिथे आहे. आजचा वाचक त्या वाक्यापाशी अडखळतो. पण १९५० साली शहाण्या माणसाने तसं म्हणावं अशीच परिस्थिती होती.

या सगळ्यात एक तक्रार दाबली गेली होती. १९४१ मधल्या एका बैठकीत ग्रेटल आल्बर्ट पाठवणाऱ्या व्यक्तीच्या खुर्चीत होत्या. बैठकीनंतर त्यांनी गोल्डनीबाईंना सांगितलं की, खिडकीतून पाहताना सोल आकडे बदलताना दिसले. १ चे ४ किंवा ५ करताना, चार-पाच वेळा. गोल्डनीबाईंनी ही गोष्ट सोल यांच्या कानावर घातली. सोल भडकले. १९४३ च्या अहवालात या तक्रारीचा उल्लेख नाही. ती छापून आली थेट १९६० साली, तीही टीकाकारांना सुगावा लागल्यानंतर.

गोल्डनीबाईंना मी फार दोष देणार नाही. सहकाऱ्यावरचा एवढा मोठा आरोप, एकाच साक्षीदाराचा, आणि तीही प्रयोगाला एकदाच आलेली. शिवाय सोल म्हणजे १६० माणसांवर पाच वर्षं घालवून ‘काही नाही’ असं जाहीर करणारा माणूस! पण न पटलेली तक्रारही अहवालात छापायला हवी होती. ती छापली असती तर पुढच्या सतरा वर्षांतल्या प्रत्येक वाचकाने तक्ते वेगळ्या नजरेने पाहिले असते.

दरम्यान मूळ तक्तेच हरवले. सोल यांनी सांगितलं की ते रेल्वेत विसरले. मागे राहिल्या हाताने केलेल्या नकला.

पुराव्याविना आरोप आणि बिनगरजेची माफी

ऑगस्ट १९५५ मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात जॉर्ज प्राइस यांचा लेख आला. प्राइस तेव्हा मिनेसोटा विद्यापीठात काम करणारे रसायनशास्त्रज्ञ. त्यांचा युक्तिवाद अठराव्या शतकातल्या डेव्हिड ह्यूमकडून आलेला: चमत्काराची साक्ष मिळाली तर आधी हे बघा की चमत्कार खरा असणं जास्त संभवनीय की साक्ष खोटी असणं. ऱ्हाइन आणि सोल यांचे आकडे नशिबाने येणं अशक्य, हे त्यांनी मान्यच केलं. मग उरते फसवणूक. सोल यांनी लबाडी करायची ठरवलं असतं तर ती कशी करता आली असती, याचे अनेक मार्गही त्यांनी लिहून दाखवले. प्रत्यक्ष पुरावा मात्र एकही दिला नाही.

गहजब झाला. ऱ्हाइन आणि सोल दोघांनीही उत्तरं दिली. पुराव्याशिवाय एका विद्वानाच्या प्रामाणिकपणावर चिखलफेक केली, अशी टीका प्राइस यांच्यावर झाली, आणि खरं सांगायचं तर ती रास्त होती. ‘मला हे अशक्य वाटतं, म्हणून तू खोटारडा’ हा युक्तिवाद विज्ञानात चालत नाही. तो मान्य केला तर कोणताही अनपेक्षित शोध याच रीतीने मोडीत काढता येईल.

पुढची गोष्ट कादंबरीत घातली तर अतिरंजित वाटेल. प्राइस १९६७ मध्ये लंडनला आले, उत्क्रांतीच्या गणिताकडे वळले आणि १९७० साली त्यांनी जे समीकरण छापलं ते आज ‘प्राइस समीकरण’ म्हणून जीवशास्त्राचे विद्यार्थी शिकतात. त्याच साली त्यांना धार्मिक साक्षात्कार झाला. जानेवारी १९७२ मध्ये त्याच ‘सायन्स’मध्ये त्यांनी पत्र लिहून ऱ्हाइन आणि सोल यांची जाहीर माफी मागितली. जानेवारी १९७५ मध्ये लंडनमध्येच त्यांनी आत्महत्या केली. पाठोपाठ सोलही वारले. सोल यांच्या बाबतीत प्राइस यांचा अंदाज बरोबर होता, हे दोघांच्या हयातीत निर्विवादपणे सिद्ध झालं नाही.

लॉग टेबलांचा माग

उलगड्याची वाट आकड्यांतूनच निघाली. सोसायटीचेच सदस्य आर. जी. मेडहर्स्ट यांना सोल यांची बाजू भक्कम करायची होती. याद्या अमुक लॉग टेबलांतून अमुक रीतीने उचलल्या, असं सोल सांगतात ना? मग तीच रीत संगणकावर चालवू, यादी जशीच्या तशी बाहेर आली की आल्बर्टबाईंच्या तक्रारीतली हवाच निघेल. यादी बाहेर आली नाही. सांगितलेल्या रीतीने ती तयार होतच नव्हती.

१९७३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ख्रिस्तोफर स्कॉट आणि फिलिप हॅस्केल यांनी वेगळी चाचणी लावली. ती मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत देखणी वाटते, म्हणून जरा थांबून सांगतो. समजा, सोल खरंच १ चे ४ किंवा ५ करत होते. असं ते कधी करतील? शॅकल्टन यांचा अंदाज चौथ्या किंवा पाचव्या चित्राचा असेल आणि यादीत १ असेल, तेव्हाच. इतर वेळी बदलून फायदा नाही. म्हणजे बदल झाले असतील तर तक्त्यात दोन खुणा राहायला हव्यात. एक, ४ आणि ५ वर बरोबर अंदाजांची गर्दी. दोन, ‘यादीत १ आणि अंदाज ४ किंवा ५’ अशा चुकांचा दुष्काळ, कारण त्या चुका बदलून ‘बरोबर’ करून टाकलेल्या. दुसरी खूण जास्त मोलाची, कारण लबाडी करणारा बरोबर आलेल्यांकडे बघतो. गायब झालेल्या चुकांची गणती ठेवणं त्याला सुचत नाही. आल्बर्टबाईंच्या बैठकीसह तीन बैठकांत दोन्ही खुणा सापडल्या.

तरीही शंकेला जागा होती. चाळीसपैकी तीनच बैठका. बाकीच्यांत ही खूण नाही.

मग बेट्टी मार्कविक. त्यांनीही मेडहर्स्ट यांचं काम पुढे न्यायचं, याद्यांचा खरा उगम शोधून सोल यांच्यावरचा डाग पुसायचा, म्हणून सुरुवात केली. लॉग टेबलांत उगम सापडला नाही. पण याद्याच एकमेकींशी ताडताना त्यांना दिसलं की काही आकड्यांच्या लांबलचक रांगा दोन वेगवेगळ्या ठिकाणी त्याच क्रमाने येतात. कुठे कुठे उलट्या क्रमानेही. यदृच्छ याद्यांत असं होणं म्हणजे जुनीच यादी पुन्हा उतरवली, एवढाच अर्थ. हे आळसाचं लक्षण म्हणून सोडूनही देता आलं असतं. पण दुसऱ्या ठिकाणी त्या रांगेत अधूनमधून एखादा जादा आकडा घुसलेला होता, आणि हे घुसलेले आकडे जिथे जिथे होते तिथे बहुतेक वेळा शॅकल्टन यांचा अंदाज बरोबर! ते आकडे वगळून गुण मोजले की शॅकल्टन यांची विद्या नाहीशी होते, उरते फक्त नशिबाची सरासरी. यादी लिहिताना मध्ये जागा मोकळ्या सोडायच्या आणि अंदाज हाती आल्यावर त्यांत सोयीचा आकडा भरायचा, याहून सरळ स्पष्टीकरण यातून निघत नाही. १९७८ मध्ये हा निबंध सोसायटीनेच आपल्या कार्यवृत्तात छापला. आपल्याच माजी अध्यक्षाविरुद्धचा पुरावा छापायला धैर्य लागतं, हे श्रेय सोसायटीला द्यायला हवं.

सोंगट्या वापरलेल्या बैठकांचं काय, असा प्रश्न उरतो. मोकळ्या जागा भरण्याची युक्ती तिथे लागू पडत नाही. माझं उत्तर असं की, एका ठिकाणी वही खोटी ठरली की त्याच हाताच्या बाकीच्या नोंदींवर विसंबायचं कारण राहत नाही. सोंगट्यांच्या बैठकांत काय झालं, हे शोधण्याची जबाबदारी टीकाकारांवर पडत नाही.

ऱ्हाइन यांचे जुने सहकारी गेदर प्रॅट यांनी मार्कविक यांच्या निबंधासोबतच जाहीर केलं की सोल यांचे पत्त्यांचे सगळे प्रयोग आता बाद धरले पाहिजेत. पण जाता जाता त्यांनी दुसरीही एक शक्यता मांडली: सोल यांनीच कदाचित नकळत, भविष्यज्ञानाने, पुढे येणारे अंदाज ओळखून ते जादा आकडे यादीत घातले असतील! म्हणजे मनकवडे शॅकल्टन नव्हेत, सोल स्वतः. प्रॅट प्रामाणिक संशोधक होते, त्यामुळे या वाक्यावर हसवत नाही. पण कोणत्याही पुराव्याने खोडता येणार नाही असं स्पष्टीकरण, पुरावा समोर छापलेला असताना सुचतं कसं, हे कुतूहल मात्र वाटतं.

सोल यांनी हे का केलं, याचा पत्ता लागत नाही. पैसा नव्हता. तरुणपणी ते स्वयंलेखन करत. पेन धरून बसायचं आणि हात आपोआप लिहितो म्हणायचं. या काळात ऑस्कर वाइल्डच्या आत्म्याकडून आल्याचे सांगितलेले मजकूर त्यांच्या हातून उतरले होते. त्यावरून, आकडे बदलताना त्यांना शुद्धच नसेल, असा तर्क काहींनी केला. मला तो पटत नाही. नेमक्या सोयीच्या जागा मोकळ्या सोडायच्या, मग त्या भरायच्या, आणि आरोप झाल्यावर भडकायचं, यात बेशुद्धीपेक्षा नियोजन जास्त दिसतं. पाच वर्षांच्या शून्यानंतर एकदा काहीतरी हाती लागलं आणि ते पुन्हा निसटताना पाहवलं नाही, हे माझ्या मते जास्त मानवी कारण आहे. अर्थात हा माझा तर्क.

सोल यांच्यानंतर या क्षेत्राने काहीच धडा घेतला नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. १९७४ मध्ये ऱ्हाइन यांच्याच संस्थेचे तरुण संचालक वॉल्टर लेव्ही यांच्यावर सहकाऱ्यांना संशय आला. त्यांनी बोभाटा न करता त्याच यंत्राला गुपचूप दुसरी नोंदव्यवस्था जोडली, लेव्ही यांना न कळू देता. लेव्हींच्या नोंदीत चमत्कार होता, दुसऱ्या नोंदीत नव्हता. लेव्हींना जावं लागलं. १९४१ च्या स्टुडिओत हवी होती ती हीच गोष्ट: प्रयोगकर्त्याचा हात पोचणार नाही अशी दुसरी प्रत, पडताळणीच्या आधी बंद केलेली.

आपल्याकडे जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ साली पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली. विषय वेगळा, पण कुलूप नेमकं त्या दाराला होतं. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका. कोणती कोणाची याची किल्ली पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाच्या ताब्यात. पत्रिका पाहणाऱ्या ज्योतिषांना ती ठाऊक नव्हती, आणि ज्योतिषाविरुद्ध उघड बोलणाऱ्या नारळीकर-दाभोलकरांनाही नाही. उत्तरं पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांची सरासरी ४६ टक्के आली. नाणं उडवलं असतं तर पन्नासच्या आसपास आली असती. हाच निकाल किल्ली नारळीकरांच्या खिशात असताना लागला असता, तर एकाही ज्योतिषाने तो मानला नसता, आणि मानू नये असंच मी म्हटलं असतं.

ग्लोरिया स्टुअर्ट यांच्या ३७,१०० अंदाजांत शॅकल्टन यांच्याइतका ठोस पुरावा मिळालेला नाही. त्यामुळे ‘ते तरी खरे असतील’ असं म्हणणारा एखादा अजूनही भेटतो. ते अंदाज खोटे आहेत असं मी म्हणणार नाही. ते निरुपयोगी आहेत, एवढंच म्हणेन. स्टुअर्टबाईंना मन वाचता येत होतं की नाही हे ठरवायला नव्याने मोजावं लागलं असतं, आणि ती मोजणी सोल यांच्याशिवाय दुसऱ्या कोणीतरी करायला हवी होती.